सहावी गाठ

माझा मुलगा रांगायला लागला त्या आठवड्यात मी स्वयंपाकघराशी युद्ध पुकारलं. गंमत नाही सांगत. मी मुळातच नाकावर राग असलेली बाई, त्यात पहिलं मूल, आणि त्यात आमच्याच गल्लीत नुकतंच एक पोर रॉकेल प्यालं होतं. रॉकेल कशात ठेवलेलं? तर सरबताच्या बाटलीत. पोराला काय कळणार, त्याने सरबत समजून तोंडाला लावली. वाचलं बिचारं, पण चार दिवस दवाखान्यात होतं. मी त्याला बघून घरी आले ती थेट आमच्या ओट्याखाली वाकून बसले. आमच्याही घरात रॉकेल सरबताच्याच बाटलीत होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही जळगावात पिंप्राळ्याला भाड्याने राहत होतो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे छोटंसं अंगण, अंगणात पाण्याचा ड्रम आणि एक कढीपत्त्याचं झाड. स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, ओट्यावर गॅस. ओट्याखाली सगळं उघडं. खलबत्ता, पाटा-वरवंटा, तिखटाचा डबा, कांदे-बटाटे, काडेपेट्या, विळी, वातीचा स्टोव्ह, सगळं कसं जमिनीवर, पोराच्या हाताला येईल असं मांडून ठेवलेलं. लग्न झाल्यापासून त्याच ओट्यासमोर उभी राहत होते, पण रांगणाऱ्या पोराच्या उंचीवरून तो कधी बघितलाच नव्हता. मी खरोखर हातापायांवर उतरून बघितलं. आमचे हे चहा प्यायला आत आले, तर बायको रांगतेय! 'डॉक्टरांना बोलवू का?' म्हणाले. मी म्हटलं, 'आधी सुताराला बोलवा.'

तर मी काय काय केलं. विळी खिळ्याला टांगली, छातीच्या उंचीवर. रॉकेल कुलूपवाल्या डब्यात गेलं आणि डबा माळ्यावर. काडेपेट्या मसाल्याच्या मांडणीवर. बादल्या पाणी नसेल तेव्हा पालथ्या, कारण बादलीत डोकं घालून पोरं जातात हे मला कुणीतरी सांगितलं होतं आणि तेव्हापासून मला झोप नव्हती. पातेल्यांचे दांडे भिंतीकडे वळवायचे. दूध तापत असेल तर तिथून हलायचं नाही, दारावर प्रत्यक्ष देव आला तरी. खलबत्ता शेजारच्या वहिनींकडे पाठवून दिला, कारण बत्ता पायावर पडला तर? वहिनी म्हणाल्या, 'अगं, मग शेंगदाण्याचा कूट कसा करशील?' मी म्हटलं, कूट न खाता कुणी मेलेलं मी ऐकलं नाही. आणि सगळ्यांत शेवटी सुताराकडून फळी करून घेतली. गुडघ्याएवढी उंच. स्वयंपाकघराला दोन दारं, एक पुढच्या खोलीत आणि एक अंगणात, तर दोन्ही दारांच्या चौकटींना मी खाचा पाडून घेतल्या. फळी वरून सरकवायची की दार बंद. पोरगं पलीकडे, विस्तव अलीकडे.

त्या फळीने घरातल्या प्रत्येकाला एकदा तरी पाडलं. आमचे हे तर दोनदा पडले, त्यात एकदा हातात वरणाची वाटी असताना. 'बँकेच्या तिजोरीत जायला एवढा त्रास नाही,' असं आल्यागेल्याला सांगायचे. पण हळूहळू सगळ्यांना सवय झाली. साडी जरा वर धरायची, पाय उचलायचा, पलीकडे टाकायचा. दिवसातून पन्नास वेळा. आणि चिरंजीव पलीकडून फळीला धरून उभे. आम्ही पाय कसा टाकतो ते बघत. मला वाटायचं, बघा, किती शहाणं बाळ, नुसतं बघतंय.

माघ संपता संपता सासूबाई आल्या. धुळ्याजवळच्या खेड्यातून, एसटीने, डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन. घरात सगळे त्यांना अक्का म्हणायचे म्हणून मीही अक्काच म्हणायची. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं मोजून-मापून आणि सगळं अहिराणी. मी जळगावची, शाळेत शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी मार्क घेतलेली. त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं आणि उरलेलं निम्मं कळत नाही असं मी दाखवायची. खरं तर सगळं कळायचं.

अक्का बिबड्या करायला आल्या होत्या. आमच्या खान्देशात उन्हाळा तोंडावर आला की बायकांना दुसरं काही सुचत नाही. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, कांडायची, दळायची, मग त्या पिठाचा तिखट-जिरं-तीळ घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि गरम गरम घाटा ओल्या धोतरावर हाताने थापून त्याचे पातळ पापड उन्हात वाळवायचे. त्याच बिबड्या. वर्षभर भाजून खायच्या. मला त्या फार आवडतात, पण करायच्या म्हटल्या की अंगावर काटा यायचा. अक्का म्हणाल्या होत्या, नातवासाठी मी करून देते.

स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि फळीपाशी थबकल्या.

'हाई काय शे व? घरमा कोंबड्या शेतस का?'

आमचे हे मागे उभे राहून खो खो हसले. मी हसले नाही. मी नीट समजावून सांगितलं, की अक्का, आत गॅस आहे, विस्तव आहे, पोरगं चालायला लागलंय. अक्कांनी ऐकून घेतलं. फळीवरून हात फिरवला, लाकूड कसलं आहे ते बघितलं, आणि लुगडं आवरून पाय पलीकडे टाकला. पण गॅसवर त्यांना भाकरी जमेना. उभ्याने भाकरी थापायची म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वातीचा स्टोव्ह खाली घेतला, जमिनीवर, आणि पाटावर बसल्या.

आता बघा, चार महिने खपून मी विस्तव वर नेला होता, आणि ही बाई तो पुन्हा जमिनीवर घेऊन बसली. माझं रक्त उकळायला लागलं. पण पहिलाच दिवस, सासू, काय बोलणार? त्यात आणखी एक बघितलं. अक्का स्टोव्हकडे तोंड करून बसत नसत. तिरक्या बसत. पाठ भिंतीला, तोंड खोलीकडे, आणि भाकरी उजव्या हाताला कुठेतरी बाजूला. मान वळवून भाकरी उलटायच्या आणि पुन्हा तोंड खोलीकडे. त्यामुळे पीठ सांडायचं, एखादी भाकरी करपायची. मी मनात म्हटलं, चाळीस वर्षं भाकरी करतेय आणि अजून नीट बसता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. मी हंडे भरायला पुढे गेले. परत येऊन बघते तर काय! फळी काढून भिंतीला टेकवलेली. अक्का आत भाकरी थापतायत. आणि माझा मुलगा पुढच्या खोलीतल्या खाटेच्या पायाला बांधलेला. कमरेला कापडाची पट्टी, पट्टीचं दुसरं टोक खाटेला. तो मजेत बसला होता, वाटीवर चमचा आपटत. पण मला ते दिसलंच नाही. मला फक्त ती पट्टी दिसली.

मी हंडा खाली आपटला. 'अक्का! माझा मुलगा काय वासरू आहे, दावणीला बांधायला?'

अक्कांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. म्हणाल्या, 'मना बठ्ठा पोरे असाच वाढनात.'

'तुमचे वाढले असतील,' मी म्हटलं. 'तुमच्या खेड्यात चालत असेल. माझ्या घरात माझं पोर बांधायचं नाही. कळलं ना?'

असं बोलले मी. त्यांच्या मुलासमोर. आमचे हे दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण, ते आरशातच बघत राहिले. इकडे आड तिकडे विहीर, बिचारा माणूस काय करणार? अक्कांनी हात पुसले, बाहेर आल्या, पोराच्या कमरेची गाठ सोडली, पट्टी घडी करून आपल्या पिशवीत टाकली आणि फळी पुन्हा खाचेत बसवली. मग पाटावर जाऊन राहिलेल्या भाकरी केल्या. तशाच तिरक्या बसून.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट मी दिवसभर मनात स्वतःची बाजू मांडत होते. सुशिक्षित बाई मी, मासिकं वाचणारी, मुलांना बांधून ठेवल्याने त्यांच्या मनावर काय परिणाम होतो हे मला माहीत होतं. अक्काही अबोल झाल्या. कामापुरतं बोलायच्या. त्यांनी ज्वारी भिजत घातली.

पाचव्या दिवशी घाटा. गल्लीतल्या चार बायका मदतीला आल्या, कारण बिबड्या एकटीच्या कामाच्या नाहीत. पहाट उजाडली तशी मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली, त्यावर मोठं पातेलं, आत पाण्याचं आधण. मी विचार केला, आज विस्तव बाहेर आहे. मग पोराला कुठे ठेवायचं? आत! स्वयंपाकघरात. घरातली सगळ्यांत सुरक्षित जागा, मी स्वतः चार महिने खपून केलेली. गॅस बंद, रॉकेल माळ्यावर, विळी खिळ्याला. पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं, अंगणाच्या दाराला फळी सरकवली, आणि चिरंजीवांना आत डबे, झाकणं, चमचे देऊन बसवलं. बसायला पाट होता. पाटाने कुणाचं काय वाईट होणार?

अक्कांनी एकदा फळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. आणि मिटलं. मी त्यांना बोलायला जागा ठेवली होती कुठे?

घाटा शिजला. तिखटा-जिऱ्याचा वास गल्लीभर गेला. दोघींनी फडक्याने धरून पातेलं खाली उतरवलं आणि अंगणाच्या मध्यात विटांवर ठेवलं. घाटा अजून बुडबुडत होता, जाड, चिकट, मध्येच फट्‌ करून उडणारा. अक्का पातेल्याला लागून बसल्या, वाटीने घाटा काढून द्यायला. दाराकडे तोंड करून. मी पातेल्याच्या पलीकडे, धोतराचं टोक धरून उभी. माझी दाराकडे पाठ.

मागून एका बाईचं हसणं ऐकू आलं. 'अगंबाई, बघा तरी कोण आलं!'

मी वळले. माझा मुलगा फळी ओलांडून बाहेर आला होता. पाट ओढत फळीपाशी आणला होता, त्यावर चढला होता, आणि एक पाय उचलून पलीकडे टाकला होता. अगदी आम्ही टाकायचो तसा. पन्नास वेळा रोज आम्हीच शिकवलं होतं त्याला. आता तो अंगणात उभा होता, दोन्ही हात वर करून, स्वतःवर खूश. नुकतं चालायला लागलेलं पोर धावतंच, त्याला चालणं ठाऊक नसतं.

आणि मी काय केलं? मी धोतर सोडून पुढे सरकले, पातेल्याला वळसा घालून त्याच्याकडे जायला, आणि घाबरून त्याला हाक मारली. जोरात. नावाने. आईने हाक मारली की पोरगं काय करतं? आईकडे धावतं. त्याने सरळ माझ्याकडे धाव घेतली. त्याच्या आणि माझ्या मध्ये ते पातेलं होतं.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. अक्का बसल्या जागेवरून पुढे झेपावल्या. साठीची बाई, गुडघे दुखणारी, मांडी घालून बसलेली. उजव्या हाताने त्यांनी पोराला छातीवर धरून मागे ओढलं आणि तोल सावरायला डावा हात पुढे टाकला. तो हात पातेल्यात गेला. कोपरापर्यंत.

अक्का ओरडल्या नाहीत. पोरगं ओरडलं, मी ओरडले, बायका ओरडल्या. अक्कांनी हात बाहेर काढला, त्यावर घाटा चिकटून वाफ येत होती, आणि म्हणाल्या, 'पोऱ्याले काय व्हयनं का? त्याले देख पहिले.'

पोराला काही झालं नव्हतं. पायाच्या अंगठ्यावर एक थेंब. एवढंच.

मग माझ्या अंगात कुठून बळ आलं देव जाणे. मी ड्रमचं झाकण फेकलं आणि तांब्याने अक्कांच्या हातावर गार पाणी ओतत सुटले. एक जण टूथपेस्ट घेऊन धावत आली, दुसरी म्हणे शाई लावा शाई, तिसरी हळद. मी सगळ्यांच्या अंगावर धावून गेले. 'हात लावायचा नाही कुणी! पाणी आणा नुसतं!' नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते आणि मी अर्धा ड्रम रिकामा केला. आमचे हे रिक्षा घेऊन आले. अक्का रिक्षात बसताना बायकांना सांगत होत्या, घाटा थंड होऊन जाईल, तुम्ही बिबड्या टाकून घ्या. आणि त्या बायकांनी रडत रडत टाकल्या. सगळ्या. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा घरमालकांच्या गच्चीवर रांगेत वाळत होत्या.

डॉक्टरांनी बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी बांधली. वेळेवर पाणी ओतलं म्हणून हात वाचला, असं म्हणाले. महिनाभर तरी लागेल. मला कुणी काही बोललं नाही. ना आमचे हे, ना गल्लीतल्या बायका, ना अक्का. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कुणी नुसतं माझ्याकडे बघितलं तरी मला वाटायचं, हिला कळलंय. विस्तवाला मी चार महिने हद्दपार करत होते आणि पोराला हाक मारून त्याच्याकडे बोलावलं ते मीच. आणि ज्या बाईला मी दावणीवरून बोलले, तिने तिचा हात घातला.

अक्कांना एका हाताने काहीच करता येईना. लुगडं नेसता येईना, केस विंचरता येईनात. मी करायला लागले. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण त्यांच्या अंगाला मी पहिल्यांदाच हात लावत होते. सणावाराला पायाला लावायची तेवढंच. अंघोळ घालताना त्यांची पाठ बघितली, उन्हाने रापलेला मानेचा भाग आणि त्याखाली पोरासारखी गोरी, मऊ पाठ. मला रडूच फुटलं. साबण डोळ्यांत गेला असं सांगितलं. अक्का म्हणाल्या, साबण तर मना आंगले लावी ऱ्हायनी तू, तुना डोयामा कसा गया? आणि हसल्या. तेव्हा मला त्या किती आवडायला लागल्या हे मी शब्दात नाही सांगू शकणार.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात खाली लोंबू द्यायचा नाही, गळ्यात झोळी करून अडकवा. एका दुपारी मी झोळीसाठी मऊ कापड शोधत होते. अक्का म्हणाल्या, माझ्या पिशवीत बघ. पिशवीत ती पट्टी निघाली. लुगड्याची, लालसर, धुऊन धुऊन विटलेली. मी उलगडली, तर तिला ठिकठिकाणी गाठी. एका टोकापासून निघून थोड्या थोड्या अंतरावर. मी सोडवायला गेले, तशा अक्का एकदम म्हणाल्या, 'ती नको सोडू.'

त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. एक एक गाठ म्हणजे एक एक पोर. पोर चालायला लागलं की ते चुलीच्या बाजूला उभं करायचं, त्याचा हात पुढे ताणायचा, आणि बोटाच्या टोकापासून चूल एक हात लांब राहील एवढी पट्टी मोजायची. तिथे गाठ मारायची. त्या गाठीपाशी पट्टी कमरेला बांधायची, दुसरं टोक खांबाला. पोर सगळीकडे फिरतं, खेळतं, आईला बघतं, पण कितीही हात ताणला तरी विस्तव एक हात पलीकडे. मोठं पोर, लांब हात, म्हणून गाठ जरा अलीकडे. प्रत्येकाचं माप वेगळं. मी मासिकं वाचून सुतार बोलावला होता. या बाईने पोराचा हात मोजला होता.

मी बोटाने गाठी मोजत होते. ही थोरल्या भाऊंची. ही नणंदेची. ही आमच्या यांची, ही धाकट्या भाऊंची. चार झाल्या. पण पट्टीवर गाठी पाच होत्या. सगळ्यांच्या आधी, टोकाशी, एक लहानशी गाठ होती. बाकीच्यांपेक्षा घट्ट, इतकी घट्ट की कापड आत दगडासारखं झालेलं.

'आणि ही कोणाची?' मी विचारलं.

माझा मुलगा त्यांच्या पायाशी बसून त्यांचं जोडवं फिरवत होता.

'ती मनी पहिली पोर,' अक्का म्हणाल्या.

पहिली मुलगी होती. आमच्या कुणालाच माहीत नव्हती, आमच्या यांनाही नाही. अक्का तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या. चुलीवर डाळ शिजत होती, सासरे शेतावर निघाले होते, आणि अक्का दारात त्यांच्या हातात भाकरीचं फडकं देत होत्या. पाठ फिरवून. तेवढाच वेळ. मुलगी चौदा महिन्यांची होती. तीन दिवस जगली.

'मग तिला बांधायची तुम्ही?' मी मूर्खासारखं विचारलं.

अक्कांनी मान हलवली. नाही. तिला कधीच बांधली नव्हती. तेव्हा पट्टी नव्हतीच. मुलगी गेल्यावर, थोड्या दिवसांनी, अक्कांनी त्या दिवशी अंगावर असलेलं लुगडं फाडलं, खांबाला एक टोक लावलं आणि चुलीपर्यंत मोजलं. मुलीचा हात केवढा होता ते त्यांच्या हाताला माहीत होतं. एक हात अलीकडे गाठ मारली.

'ती गयी, मंग बांधी ही गाठ,' त्या म्हणाल्या. 'कितली लागती, ते देखाले.'

किती लागली असती ते बघायला. मी पट्टी हातात घेऊन बसून राहिले. आता मला कळलं, ही बाई भाकरी करताना तिरकी का बसते. चाळीस वर्षं ती पोरांकडे पाठ करून बसली नव्हती. आणि मी तिला काय म्हटलं होतं? तुमचे वाढले असतील.

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. माफी कशी मागायची असते मला माहीत नव्हतं, तापट माणसांना ती शिकवलेली नसते. 'चुकलं माझं, अक्का,' एवढंच म्हटलं. त्यांनी चांगल्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं, जसं पोराला झोपवताना थोपटतात, आणि म्हणाल्या की उठ, पोरगं रडेल तुला बघून.

मी उठले. झोळी माझ्या जुन्या साडीची केली. मग वातीचा स्टोव्ह काढला आणि स्वयंपाकघरात खाली ठेवला, अक्का भाकरी करायच्या तिथेच. पुढच्या खोलीतली खाट दाराशी ओढली. फळी काढून भिंतीला टेकवली. पट्टीचं टोक खाटेच्या पायाला बांधलं, आणि पोराला उचलून आणून उभं केलं.

अक्का बघत होत्या. मी पोराचा हात ताणला, स्टोव्हपर्यंतचं अंतर बघितलं आणि पट्टी चिमटीत धरली. 'एवढी?'

'आखूड कर,' अक्का म्हणाल्या. 'आजून. आजून थोडी.'

त्यांना एका हाताने गाठ मारता येत नव्हती. त्यांनी पट्टी धरली आणि गाठ मी मारली. सहावी. त्यांनी ती दाताने ओढून बघितली, पक्की झाली का ते.

मी पोराच्या कमरेला पट्टी बांधली आणि त्याला सोडलं. तो सरळ स्टोव्हकडे निघाला. स्टोव्ह विझलेलाच होता. पट्टी ताणली गेली. तो थांबला. त्याने हात पुढे केला, बोटं पसरली, आणखी पुढे वाकला. एक हात बाकी राहिला. त्याने मागे वळून आमच्याकडे बघितलं, मग खाली बसला आणि फरशीवरची मुंगी पकडायला लागला.

मी स्टोव्ह पेटवला आणि चहा टाकला. 'अक्का,' मी म्हटलं, 'तुम्ही बसा आता निवांत. मी आहे ना. मी बघते त्याच्याकडे.'

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. मग पाट ओढला, अंगणाकडे तोंड करून दारात बसल्या, आणि पोराकडे पाठ करून कपभर चहा संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.